ओमाच्या स्मृतिबागेतला ‘कडून’: एका डळमळत्या शस्त्रसंधीतलं स्मारक

उत्तर आयर्लंडमधल्या ओमा गावात एक स्मृतिबाग आहे. तिथे कोरलेल्या मजकुराचा मराठी अर्थ साधारण असा होतो: ‘फुटीर प्रजासत्ताकवादी दहशतवादी कार-बॉम्बने खून झालेल्या तीन राष्ट्रांतील ३१ व्यक्तींच्या आणि शेकडो जखमींच्या सन्मानार्थ व स्मरणार्थ.’ वाचताना यात भांडण्यासारखं काही दिसत नाही. प्रत्यक्षात या शब्दांवरून गावची नगरपरिषद आणि मृतांची कुटुंबं समोरासमोर आली, मध्यस्थ आणावे लागले, आणि स्मारकाच्या उद्घाटनाला काही कुटुंबं आलीच नाहीत.

शस्त्रसंधी झालेली आहे, पण ती टिकेल याची कुणालाच खात्री नाही, अशा काळात मेलेल्यांची आठवण कशी ठेवायची? हा प्रश्न अनेक देशांपुढे आला आहे. ओमाचं प्रकरण मी निवडलं, कारण इथे तो प्रश्न अगदी एका शब्दयोगी अव्ययावर येऊन थांबला. शाळेत आपण नवीन कर्मणी प्रयोगाचं उदाहरण घोकलं होतं: रावण रामाकडून मारला गेला. त्यातला ‘रामाकडून’ काढून टाका, वाक्य व्याकरणाने पूर्ण राहतं. रावण मारला गेला. ओमातलं सगळं भांडण त्या ‘कडून’चं आहे.

शस्त्रसंधी होती, पण कुणाची?

उत्तर आयर्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तीस वर्षं जो हिंसाचार चालला, त्यात साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. एका बाजूला आयर्लंड बेट एक व्हावं म्हणणारे, बहुतांशी कॅथलिक, राष्ट्रवादी. त्यांच्यातले शस्त्र उचलणारे प्रजासत्ताकवादी, म्हणजे मुख्यतः आयआरए (आयरिश रिपब्लिकन आर्मी). दुसऱ्या बाजूला ब्रिटनबरोबर राहू म्हणणारे, बहुतांशी प्रोटेस्टंट, युनियनवादी. त्यांच्यातले सशस्त्र गट लॉयलिस्ट म्हणून ओळखले जात. आणि तिसरीकडे ब्रिटिश लष्कर आणि पोलीस. मारलेली माणसं तिघांच्याही हिशेबात आहेत, सगळ्यात जास्त आयआरएच्या.

३१ ऑगस्ट १९९४ रोजी आयआरएने लष्करी कारवाया पूर्णपणे थांबवल्याचं जाहीर केलं. त्या निवेदनात ‘पूर्ण’ हा शब्द होता, ‘कायम’ हा नव्हता, आणि पुढचे कित्येक महिने लंडन आणि बेलफास्टमध्ये या एका शब्दाचा कीस पाडला गेला. ऑक्टोबरमध्ये लॉयलिस्ट गटांनीही शस्त्रं खाली ठेवली. मग ९ फेब्रुवारी १९९६ ला लंडनच्या डॉकलँड्समध्ये आयआरएचा ट्रक-बॉम्ब फुटला, दोघं मेले आणि शस्त्रसंधी संपली. जुलै १९९७ मध्ये ती पुन्हा लागू झाली. त्याच वर्षी शरद ऋतूत आयआरए फुटली. वाटाघाटी म्हणजे शरणागती असं मानणाऱ्यांनी वेगळी चूल मांडली. तीच पुढे ‘रिअल आयआरए’ म्हणून कुप्रसिद्ध झाली. १० एप्रिल १९९८ ला ‘गुड फ्रायडे’ नावाचा शांतता करार झाला. २२ मे रोजी दोन्हीकडे सार्वमत झालं: उत्तर आयर्लंडमध्ये ७१.१ टक्के, आयर्लंड प्रजासत्ताकात ९४.४ टक्के लोक कराराच्या बाजूने.

म्हणजे १९९८ च्या उन्हाळ्यात शस्त्रसंधी होती, करार होता, लोकांची मोहोर होती. नव्हती ती फक्त फुटून निघालेल्यांची सही.

१५ ऑगस्ट १९९८, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं

शनिवार होता. शाळा उघडायला थोडे दिवस उरले होते आणि आयांनी पोरांना गणवेश घ्यायला बाजारात आणलं होतं. गावात उत्सवाचा आठवडा होता. सीमेपलीकडे, आयर्लंड प्रजासत्ताकातल्या बनक्रॅना गावाहून आलेल्या मुलांचा एक गट, त्यांच्याबरोबर राहायला आलेली स्पॅनिश मुलं आणि त्यांच्या ताई-शिक्षिका जवळचं लोकसंग्रहालय पाहून बाजारात थांबली होती.

अडीचनंतर काही मिनिटांत तीन फोन आले, दोन अल्स्टर टेलिव्हिजनला आणि एक एका मदतसंस्थेच्या कार्यालयात. सांकेतिक शब्द ओळखीचा, म्हणजे इशारा खरा. जागा सांगितली गेली ती अशी, की पोलिसांनी न्यायालय आणि मेन स्ट्रीट एवढंच धरलं. ओमात ‘मेन स्ट्रीट’ नावाचा रस्ताच नाही. हाय स्ट्रीट आहे, तिच्या वरच्या टोकाला न्यायालय. खाली उतरत गेलं की तीच मार्केट स्ट्रीट होते. पोलिसांनी न्यायालयाच्या आसपासची माणसं बाहेर काढली आणि उताराने खाली, मार्केट स्ट्रीटच्या टोकाकडे नेली. तिथेच, न्यायालयापासून सुमारे चारशे यार्डांवर, कपड्यांच्या एका दुकानासमोर ती मरून रंगाची कार उभी होती. दोन दिवसांपूर्वी सीमेपलीकडच्या कॅरिकमॅक्रॉसमधून चोरलेली. आत सुमारे सव्वादोनशे किलो स्फोटकं.

२९ माणसं गेली. शेवटचा मृत्यू स्फोटानंतर तीन आठवड्यांनी इस्पितळात झाला. २०० हून जास्त जखमी. गावच्या इस्पितळात रुग्णवाहिका पुरेनात म्हणून जखमींना शहर बसमध्ये घालून नेलं. मृतांत कॅथलिक होते, प्रोटेस्टंट होते, मॉर्मन पंथाचा एक मुलगा होता. बनक्रॅनाहून आलेल्या गटातली तीन मुलं होती; स्पेनमधला बारा वर्षांचा मुलगा आणि एक तरुणी होती. एका कुटुंबातली आजी, तिची मुलगी आणि नात एकदमच गेल्या. ती मुलगी जुळ्यांची गरोदर होती.

रिअल आयआरएने तीन दिवसांनी जबाबदारी घेतली. आपलं लक्ष्य व्यापारी होतं, इशारा दिला होता, सामान्य माणसांना मारायचा हेतू नव्हता, अशी त्यांची भाषा. माफी मागितली आणि ८ सप्टेंबरला शस्त्रसंधी जाहीर केली. शिन फेन हा आयआरएचा राजकीय पक्ष समजला जाई. त्याच्या नेत्यांनी या स्फोटाचा उघड, निःसंदिग्ध निषेध केला. एका प्रजासत्ताकवादी गटाच्या हल्ल्याबद्दल त्यांच्या तोंडून इतके स्पष्ट शब्द लोकांनी तेव्हा प्रथमच ऐकले.

फुलांचं काय करायचं

पहिली आठवण कुणी ठरवून केली नाही. लोक फुलं घेऊन येत राहिले. मार्केट स्ट्रीटवर आणि आसपास गुच्छांचे ढीग लागले. स्फोटानंतरच्या शनिवारी, त्याच वेळेला, गावात हजारो लोक जमले आणि उभे राहिले.

फुलांचं पुढे काय होतं याचा विचार आपण करत नाही. आठवडाभरात प्लास्टिकच्या आत देठं काळी पडतात, वास सुटतो, पावसात चिठ्ठ्यांची शाई पसरते. नगरपालिकेने ती कचऱ्यात टाकली तर लोकांच्या काळजाला घरं पडतात. ठेवली तर सडतात. ओमात कॅरोल केन या चित्रकर्तीने वेगळं सुचवलं: या पाकळ्यांचा कागद करू. ओमा आणि बनक्रॅना इथे कार्यशाळा झाल्या, दोन्ही समाजांची मुलं आणि मोठी माणसं त्यात बसली.

हातकागदाची रीत सगळीकडे सारखीच. आधी रिबिनी, पिना, प्लास्टिक वेगळं करायचं. मग लगदा, पाण्याने भरलेलं टोपलं, त्यात जाळीची चौकट आडवी बुडवायची आणि हलक्या हाताने उचलायची. पाणी निथळलं की जाळीवर जो पातळ थर राहतो तोच कागद. पाकळ्या त्यात अडकून राहतात, रंग जरा फिकट होतो. या कागदांतून मोठ्या कलाकृती झाल्या: एक ओमासाठी, एक बनक्रॅनासाठी, एक माद्रिदसाठी. प्रत्येक कुटुंबाला एक चौकट घरी लावायला मिळाली.

या कामावर एक शब्दही लिहिलेला नव्हता, म्हणून वादाला जागा नव्हती. ज्याला जे वाटतं ते त्याने पाकळीत पाहावं. शोकाच्या पहिल्या वर्षी एवढं पुरतं, आणि ते थोर काम होतं असं मला मनापासून वाटतं. पण कुटुंबं पाकळ्यांवर थांबू शकत नव्हती. पहिल्या वर्षानंतर माणूस विचारतो: कुणी केलं?

२९ की ३१

शब्दांच्या आधी आकडा. कायद्याच्या कागदांत मृतांची संख्या २९ आहे. स्मारकावर ३१. फरक त्या दोन न जन्मलेल्या जुळ्यांचा. बातम्यांत ‘२९ माणसं, त्यात जुळ्यांची गरोदर स्त्री’ असं वाक्य येतं, त्यात दोन जीव मोजलेही जातात आणि मोजले जातही नाहीत. गावाने ३१ म्हटलं. बागेत ३१ छोटे आरसे आहेत, प्रत्येकावर एक नाव. पुढे विसाव्या स्मृतिदिनी घंटा ३२ वेळा वाजवली गेली: ३१ या गावच्या मृतांसाठी, एक इतरत्र अशाच हिंसेत मेलेल्यांसाठी.

संख्या ठरवणं हेही स्मरणाचंच काम आहे आणि ते कुटुंबांनी करून घेतलं. यावर नगरपरिषदेशी भांडण झालं नाही. भांडण पुढे होतं.

नगरपरिषद आणि कुटुंबं

स्फोटाला दहा वर्षं होत आली तेव्हा नवं, कायमचं स्मारक करायचं ठरलं. स्पर्धेतून कलाकार शॉन हिलन आणि वास्तुरचनाकार डेस्मंड फिट्झजेराल्ड यांचा आराखडा निवडला गेला. तो सगळ्यांना आवडला. पण स्मारकावर काय लिहायचं? परिषदेने प्रस्तावित केलेल्या मजकुरात गोष्ट पुरेशी स्पष्ट नाही, असं अनेक कुटुंबांचं म्हणणं होतं. त्यांना तीन शब्द हवे होते: फुटीर, प्रजासत्ताकवादी, दहशतवादी. त्या परिषदेत शिन फेनचं प्राबल्य होतं, आणि प्रजासत्ताकवाद्यांनी हे केलं असं दगडावर लिहायला ती कचरते, हा कुटुंबांचा उघड आरोप होता.

परिषदेच्या बाजूने एकदा विचार करून पाहू, कारण तो केल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. शिन फेनने शस्त्रसंधी टिकवण्यासाठी स्वतःच्या लोकांना मोठ्या मुश्किलीने राजी केलं होतं. मे २००७ मध्ये, जे कट्टर वैरी होते त्यांच्याबरोबर स्टॉरमाँटमध्ये, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत, सरकार बनवलं होतं. ‘प्रजासत्ताकवादी’ हे त्यांचं स्वतःचं नाव आहे. तेच नाव खुनाच्या दगडावर कोरायचं म्हणजे आपल्या अर्ध्या मतदारांना त्या कारमध्ये बसवल्यासारखं त्यांना वाटलं असेल. उलट बाजूने, गावात दोन्ही समाजांची माणसं रोज त्याच रस्त्याने बाजारात जातात. कोणाचंही नाव नसलेला दगड सगळ्यांना चालतो. शस्त्रसंधी नाजूक असते, तिच्याभोवती सगळे मोजून-मापून बोलतात. अशा काळात सरकारी भाषेत ‘घटना’, ‘दुर्दैवी’, ‘बळी पडले’, ‘प्राण गमावले’ असे शब्द आपोआप येऊ लागतात. मराठी बातम्याही याला अपवाद नाहीत. ‘स्फोट झाला’, ‘गोळीबारात मृत्यू झाला’. जणू वीज पडली.

हे सगळं समजून घेऊनही मी कुटुंबांच्या बाजूने आहे. कारण त्यांनी कुणावर सूड मागितला नव्हता. त्यांना एका वाक्यातलं एक पद हवं होतं. ज्याचा मुलगा गणवेश आणायला गेला आणि परत आला नाही, त्याला ‘मुलाने प्राण गमावला’ असं सांगणं म्हणजे जणू तो प्राण मुलानेच कुठेतरी हरवला. शांततेची किंमत मेलेल्यांच्या घरच्यांनीच का भरायची, आणि तीही दरवर्षी, त्या दगडासमोर उभं राहून?

प्रकरण स्वतंत्र मध्यस्थांकडे गेलं आणि शेवटी सुरुवातीला दिलेला मजकूर बागेत राहिला. आता तो मजकूर पुन्हा पाहा. मराठीत आणताना मी अडखळलो. इंग्रजीत ‘बाय’ हे एकच अव्यय कर्त्यालाही चालतं आणि साधनालाही: ‘बाय’ राम, ‘बाय’ बाण. मराठीला निवड करावीच लागते. रामाकडून, बाणाने. आणि ओमाच्या मजकुरात ‘बाय’च्या पुढे माणूस नाही, कार-बॉम्ब आहे. फुटीर, प्रजासत्ताकवादी, दहशतवादी ही तिन्ही विशेषणं आली, पण ती एका वस्तूला चिकटली. म्हणून मला ‘कार-बॉम्बने’ लिहावं लागलं, ‘कार-बॉम्बकडून’ नाही. कर्ता तिथे आहे, पण विशेषणांच्या आडून डोकावतो. इतक्या भांडणानंतर दोन्ही बाजूंना पेलेल असा हाच शब्द सापडला. कुटुंबांनी ही लढाई जिंकली असं म्हणतात; माझ्या मते ती अर्धी जिंकली, आणि त्या गावात, त्या वर्षी, अर्धी जिंकणंही सोपं नव्हतं.

१५ ऑगस्ट २००८ ला उद्घाटन झालं. लंडन, डब्लिन आणि स्टॉरमाँट तिन्हीकडचे मंत्री आले. अनेक कुटुंबं आली. काही आली नाहीत. त्यांनी नंतरच्या रविवारी आपली वेगळी प्रार्थनासभा घेतली. एकाच स्फोटाच्या दहाव्या वर्षाला दोन सभा.

आरसे

स्मारकाची रचना मात्र दोन्ही सभांतल्या माणसांची झाली. मार्केट स्ट्रीटवर, जिथे कार उभी होती तिथे, काचेचा एक उंच स्तंभ आहे आणि त्याच्या आत हृदयाच्या आकाराचा स्फटिक. स्मृतिबाग तिथून सुमारे तीनशे यार्ड दूर. बागेत एक मोठा आरसा आहे, तो सूर्याच्या मागे मागे वळतो. त्यावरचा किरण त्या ३१ छोट्या आरशांवर पडतो, आणि तिथून उसळून रस्त्यापलीकडे, स्तंभातल्या स्फटिकापर्यंत पोचतो. नावं असलेल्या काचेवरून निघालेला उजेड स्फोटाच्या जागेवर जाऊन पडतो, असा त्याचा प्रवास.

ओमाच्या टायरोन परगण्यात ऑगस्टातही आभाळ अनेकदा भरलेलं असतं. ढग आले की स्तंभ नुसती काच राहतो. ऊन पडलं की मधला स्फटिक पेटतो. रोज बाजाराला जाणाऱ्याला तो कधी दिसतो, कधी दिसत नाही. दुकानं तशीच चालू आहेत, बसथांबे तसेच आहेत. स्मारक रोजच्या रस्त्यावर असावं की वेगळ्या शांत जागी, हा जुना वाद हिलन यांनी दोन्ही जागा उजेडाने जोडून सोडवला, ही मला या प्रकरणातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

गावाबाहेर: सगळ्या प्रांताचं स्मारक

ओमाने निदान आपलं स्मारक केलं. अख्ख्या उत्तर आयर्लंडला ते आजवर जमलेलं नाही. सर केनेथ ब्लूमफिल्ड यांना १९९७ मध्ये बळी-आयुक्त नेमलं होतं. निवृत्त सनदी अधिकारी, १९८८ मध्ये त्यांच्या स्वतःच्या घरावर आयआरएने बॉम्ब टाकला होता. त्यांचा अहवाल १९९८ च्या वसंतात, ओमाच्या स्फोटाच्या काही महिने आधी आला. सगळ्यांसाठी शांत बागेत एक सुंदर, उपयोगाची वास्तू उभारावी, असं त्यात सुचवलं होतं. ती झाली नाही. कारण ‘सगळे’ म्हणजे कोण? स्वतःच लावताना फुटलेल्या बॉम्बने मेलेला माणूस त्यात येतो का? २००६ च्या कायद्याने बळीची व्याख्या इतकी रुंद केली की त्यात तोही बसतो. तेव्हापासून त्या व्याख्येवर भांडण चालू आहे. २००९ मध्ये एका सल्लागार गटाने प्रत्येक मृताच्या कुटुंबाला १२,००० पौंड द्यावेत असं सुचवलं. मारणाऱ्याच्या घरीही तेवढेच, मारलेल्याच्या घरीही तेवढेच. पत्रकार परिषदेतच आरडाओरडा झाला आणि ती सूचना तिथेच मेली.

एक वेगळा मार्ग मात्र टिकला. ‘हीलिंग थ्रू रिमेंबरिंग’ या संस्थेने २००७ पासून २१ जून हा चिंतनाचा दिवस सुरू केला. वर्षातला सर्वांत मोठा दिवस. मिरवणूक नाही, भाषण नाही, नाव नाही. ज्याने त्याने आपापलं आठवावं. तिथे ‘कडून’ मुद्दाम गाळला आहे, आणि कुणावर लादलेला नाही म्हणून ते चालतं.

‘कडून’ ही एकाच बाजूची मागणी नाही हेही सांगायला हवं. डेरी गावात ३० जानेवारी १९७२ ला ब्रिटिश सैनिकांनी मोर्च्यावर गोळ्या झाडल्या आणि १३ माणसं त्याच दिवशी मेली. त्याच वर्षीच्या पहिल्या चौकशीने सैनिकांना जवळजवळ दोषमुक्त केलं. कुटुंबांना ‘सैनिकांकडून, विनाकारण’ हे दोन शब्द मिळायला २०१० सालचा सॅव्हिल अहवाल आणि पंतप्रधानांची संसदेतली माफी यावी लागली. अडतीस वर्षं. ती माणसं आणि ओमातली माणसं राजकारणाने एकमेकांपासून फार लांब असतील. मागत होती एकच गोष्ट.

दगडावर नाही, तर न्यायालयात

फौजदारी न्यायालयात ओमाच्या खुनांसाठी आजवर एकाही माणसाला शिक्षा झालेली नाही. एकावरची शिक्षा वरच्या न्यायालयाने रद्द केली. दुसरा २००७ च्या डिसेंबरमध्ये निर्दोष सुटला. कुटुंबांनी त्याआधीच स्वतः दिवाणी दावा लावला होता. जून २००९ मध्ये बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने चार जणांना आणि रिअल आयआरए संघटनेला स्फोटासाठी जबाबदार ठरवलं आणि १६ लाख पौंडांची भरपाई सुनावली. दगडावर विशेषण होऊन बसलेला कर्ता न्यायालयाच्या निकालात नावानिशी आला. दिवाणी निकालाने कुणी तुरुंगात जात नाही, पण वाक्य पूर्ण झालं.

एक प्रश्न तरीही उरला, आणि तो जास्त अवघड होता. पोलिसांकडे, गुप्तहेर खात्याकडे आधी माहिती होती का? २००१ मध्येच उत्तर आयर्लंडच्या पोलीस लोकपालांनी तपासातल्या उणिवांवर कडक अहवाल दिला होता. २०२१ मध्ये न्यायमूर्ती हॉर्नर यांनी निकालात म्हटलं, की स्फोट रोखता आला असता असं मानायला पुरेसा आधार दिसतो आणि त्याची चौकशी व्हायला हवी. २ फेब्रुवारी २०२३ ला ब्रिटिश सरकारने सार्वजनिक चौकशी जाहीर केली.

त्याच महिन्याच्या २२ तारखेला ओमातल्याच एका क्रीडासंकुलाबाहेर, मुलांना फुटबॉल शिकवून निघालेल्या पोलीस अधिकाऱ्यावर त्याच्या मुलासमोर गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला. याच गावात एप्रिल २०११ मध्ये एका तरुण पोलिसाच्या गाडीखाली बॉम्ब लावून त्याला मारलं होतं. रिअल आयआरएने १९९८ च्या सप्टेंबरात जाहीर केलेली शस्त्रसंधी २००० साली मोडली होती, आणि फुटीर गट नावं बदलत चालू राहिले. इथे स्मारक बांधणारी माणसं शांततेच्या काळात काम करत नव्हती. त्यांच्या अंगणात ती शांतता पुन्हा पुन्हा फाटत होती.

२०२५, स्ट्रूल आर्ट्‌स सेंटर

चौकशीचे अध्यक्ष लॉर्ड टर्नबुल हे स्कॉटलंडचे न्यायाधीश. चौकशी आयोग असला की आधी नकाशे, फोनच्या नोंदी, अधिकाऱ्यांच्या साक्षी येतात आणि मेलेली माणसं फायलीत कुठेतरी मागे असतात. इथे क्रम उलटा ठेवला. जानेवारी २०२५ च्या अखेरीस सुनावण्या सुरू झाल्या त्या ओमातच, मार्केट स्ट्रीटपासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या स्ट्रूल आर्ट्‌स सेंटरमध्ये, आणि पहिले चार आठवडे फक्त माणसांसाठी राखून ठेवले होते. एकेका मृताबद्दल, तो कोण होता, काय आवडायचं, घरात काय म्हणून हाक मारत, हे कुटुंबांनी सांगितलं किंवा त्यांच्या वतीने वाचून दाखवलं गेलं. जखमी बोलले, त्या दिवशी धावून गेलेले लोक बोलले. सव्वीसहून जास्त वर्षांत ज्यांना कुणी जाहीरपणे विचारलंच नव्हतं, अशीही माणसं त्यात होती.

त्यानंतर आयोग आपल्या मूळ प्रश्नाकडे वळणार होता. तो प्रश्न मराठीत असा लिहावा लागतो: ब्रिटिश सरकारी यंत्रणांकडून हा स्फोट वाजवी प्रयत्नांनी रोखला गेला असता का?